बिनटाक्याचा इलाज कोणासाठी?

विदर्भात बाईच्या गळ्यावर गाठ दिसली की घरातले आज ना उद्या तिला नागपूरला आणतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ इथून तर येतातच, पण हद्दीपलीकडच्या बालाघाट, छिंदवाडा, बैतूलहूनही येतात. हाताशी पैसा असेल तर धंतोली नाहीतर रामदासपेठेतले खासगी दवाखाने, नसेल तर मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालये. वाट कोणतीही असो, थायरॉईडच्या साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठीसाठी तिला आजवर बहुधा दोनच उत्तरे मिळत आली. त्रास नसेल तर राहू द्या, त्रास असेल तर ऑपरेशन करा. या दोहोंच्या मध्ये आता तिसरे उत्तर उभे राहिले आहे. मानेला चीर द्यायची नाही, सुईही टोचायची नाही. बाहेरून ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटायच्या आणि गाठ आतल्या आत जाळायची.

या तंत्राबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही ते यंत्र आणून बसवावे आणि बाकीचे बाजारावर सोपवावे, असे मला वाटत नाही. कारण या यंत्राला जमणारी गाठ आणि उपचार लागणारी गाठ या बहुतेक वेळा दोन वेगळ्या गाठी असतात. हे नीट ध्यानात घेतले नाही, तर जिला काहीच करण्याची गरज नाही तिच्या गळ्यावर हा उपचार आधी होईल आणि जिला तो खरोखर हवा आहे ती दाराबाहेरच राहील.

आधी तंत्र समजून घेऊ. पहिल्या महायुद्धात पॉल लाँजव्हँ हा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पाण्याखालच्या पाणबुड्या शोधण्यासाठी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे प्रयोग करत होता. ती लहर पाण्यात सोडली की वाटेत आलेले लहान मासे मरतात आणि हात घातला तर कळ येते, हे त्याच्या ध्यानात आले. १९२७ साली अमेरिकेत वुड आणि लूमिस यांनी या लहरींचा सजीवांवर होणारा परिणाम पद्धतशीर तपासला. १९४२ मध्ये लहरी एकवटून प्राण्यांच्या शरीरात आतली जागा नष्ट करण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. १९५०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी ते मेंदूच्या खोल भागापर्यंत नेले. अडचण एकच होती. आत नेमके कुठे जळते आहे, हे डॉक्टरला दिसत नव्हते. एमआरआय आणि उत्तम सोनोग्राफी आल्यावर ती दूर झाली. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भाशयातल्या फायब्रॉईडसाठी या पद्धतीला मान्यता दिली, पुढे प्रोस्टेट आणि हाताच्या कंपासाठीही दिली. थायरॉईडच्या गाठीसाठी वापरले गेलेले यंत्र बनवले ते फ्रान्समधल्या थेराक्लिऑन कंपनीने. त्यावरचे महत्त्वाचे काम पॅरिस, बल्गेरियातले सोफिया आणि हाँगकाँग इथे झाले. हाँगकाँगच्या क्वीन मेरी रुग्णालयातले शल्यविशारद ब्रायन लँग यांनी या विषयावर सातत्याने लिहिले आहे.

पोटाच्या सोनोग्राफीत असते त्याच जातीची ही लहर आहे, फक्त ताकदीने कित्येक पट मोठी आणि एका ठिपक्यावर आणलेली. भिंगाने ऊन कागदावर धरावे तसे. वाटेतली कातडी आणि स्नायू यांतून ती पसरट जाते, म्हणून तिथे फारशी उष्णता साठत नाही. गाठीतल्या काही मिलिमीटरच्या जागी मात्र तापमान ६० अंशांच्या वर जाते आणि तिथल्या पेशींतली प्रथिने गोठतात. काही सेकंद लहर सोडायची, मग थांबायचे, कातडी थंड होऊ द्यायची, पुढचा ठिपका घ्यायचा. रुग्ण मान मागे करून पडलेला असतो, गुंगी आणणारे किंवा वेदना कमी करणारे औषध दिलेले असते आणि डॉक्टर पडद्यावर पाहत असतो. सगळे उरकून बाई त्याच दिवशी घरी जाते. गाठ लगेच नाहीशी होत नाही. मेलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेते आणि सहा महिने ते वर्षभरात गाठीचे आकारमान साधारण निम्मे किंवा त्याहून कमी होते. हे सगळे बिनवेदनेचे मात्र नसते. कातडी भाजू शकते, आवाज बसू शकतो. आवाज बहुतेकांचा परत येतो, पण तोवरचे दिवस काळजीचे जातात.

आता आकाराकडे पाहू, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. ही पद्धत लहान गाठींवर उत्तम चालते. दहा मिलिलीटरच्या आतली गाठ तिला मानवते, त्यापुढे परिणाम उतरत जातो. दहा मिलिलीटर म्हणजे गोल गाठ धरली तर सुमारे २.७ सेंटिमीटर व्यास. गाठीचा व्यास पाच सेंटिमीटर झाला की आकारमान ६५ मिलिलीटरवर जाते, कारण व्यास दुप्पट झाला की आकारमान आठपट होते. एकेक ठिपका जाळत ६५ मिलिलीटर संपवणे एका बैठकीत होत नाही आणि अनेक बैठका केल्या तरी पुरेसे होईलच असे नाही. शिवाय गाठ छातीच्या हाडामागे उतरली असेल तर लहर तिथे पोचत नाही. मागच्या बाजूने श्वासनलिकेला किंवा आवाजाच्या नसेला चिकटली असेल तर तिथे जाळणे धोक्याचे.

मग त्रास कोणत्या गाठीचा होतो? घास अडकतो, उताणे झोपल्यावर श्वास कोंडतो, गळा दुरून दिसतो. असा त्रास बहुधा मोठ्या गाठीचाच होतो. शेतात राबणारी बाई दोन सेंटिमीटरच्या गाठीसाठी नागपूरची गाडी पकडत नाही. ती येते तेव्हा गाठ वर्षानुवर्षे वाढलेली असते, पदराखाली झाकून ठेवलेली असते. तिच्या गाठीला हे यंत्र बहुतेक वेळा पुरत नाही. दुसरीकडे शहरातल्या ज्या बाईच्या गळ्यात दीड सेंटिमीटरची गाठ सोनोग्राफीत योगायोगाने सापडली, जिला तिचा स्पर्शही जाणवत नाही, तिच्यावर हे यंत्र अतिशय सफाईने चालते. यंत्राचे आकडेही तिच्यामुळे सुंदर दिसतात. लहान गाठ जाळली, सत्तर टक्के कमी झाली, गुंतागुंत नाही. फक्त तिला त्या उपचाराची गरज होती का, हा प्रश्न त्या आकड्यांत येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याला बरेचसे ठाऊक आहे. हाताला लागणारी थायरॉईडची गाठ शंभरातल्या चार ते सात प्रौढांत असते. सोनोग्राफीने शोधली तर हेच प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत १९ पासून ६८ टक्क्यांपर्यंत गेलेले आहे. वय वाढले की गाठी वाढतात आणि बायकांत त्या पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक असतात. यांतल्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी. इटलीतल्या संशोधकांनी अशा साध्या गाठी असलेल्या ९९२ जणांना पाच वर्षे दरवर्षी तपासले आणि २०१५ मध्ये ते निष्कर्ष अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापले. पाच वर्षांत गाठ वाढलेले रुग्ण १५.४ टक्के होते आणि आपोआप लहान झालेले १८.५ टक्के. मुळात साध्या ठरलेल्या गाठींपैकी पुढे कॅन्सर निघाला तो केवळ ०.३ टक्के गाठींत. म्हणजे काहीही न करता गाठ आक्रसण्याची शक्यता ती वाढण्याच्या शक्यतेहून किंचित जास्तच होती. लहान, बिनत्रासाच्या गाठीवर उपचार सुचवणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे आधी रुग्णापुढे ठेवले पाहिजेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

पण गाठ एकदा कागदावर आली की ती मनात शिरते. चक्कर येते म्हणून मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी केली आणि शेजारी थायरॉईडची गाठ दिसली. मणक्यासाठी एमआरआय केला, अहवालाच्या शेवटच्या ओळीत गाठ निघाली. थायरॉईडच्या रक्तचाचणीत टीएसएचचा आकडा थोडा वाढला, तर गळ्याला हातही न लावता सोनोग्राफी लिहून दिली गेली. हा शेवटचा प्रकार अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०१३ मध्येच टाळायला सांगितला आहे. रक्तातला दोष आणि गळ्यातली गाठ हे वेगळे विषय आहेत आणि गळा चाचपून काही लागत नसेल तर टीएसएचच्या आकड्यासाठी सोनोग्राफीची गरज नसते. तरीही ती होते आणि अहवाल हातात घेऊन बाई घरी येते. नवरा इंटरनेटवर शोधतो, शेजारीण कुणाच्या नणंदेची गोष्ट सांगते आणि आठवडाभरात घराचा सूर बदलतो. अशा घरापुढे कुणी म्हणाले की सुई नाही, टाका नाही, संध्याकाळी घरी, तर ते नाही कसे म्हणतील? ऑपरेशनची भीती आजवर अनावश्यक उपचारांपासून पुष्कळ जणांचे रक्षण करत होती. उपचार सोपा झाला की तो बांध फुटतो.

बांध फुटल्यावर काय होते, हे दक्षिण कोरियाने जगाला दाखवले. तिथे १९९९ मध्ये सरकारने कॅन्सर तपासणीची मोहीम सुरू केली. थायरॉईडची सोनोग्राफी त्या सरकारी यादीत नव्हती, पण रुग्णालयांनी ती स्वस्त जोडतपासणी म्हणून देऊ केली. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचे निदान होण्याचा दर १९९३ च्या पंधरापट झाला. त्या एका वर्षी चाळीस हजारांवर लोकांना हे निदान मिळाले आणि जवळपास सगळ्यांची थायरॉईड ग्रंथी काढली गेली, काहींची पूर्ण, काहींची अर्धी. थायरॉईड कॅन्सरने मरणाऱ्यांची संख्या मात्र होती तिथेच राहिली. २०१४ मध्ये हे न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आले, कोरियन डॉक्टरांच्या एका गटाने जाहीरपणे तपासणी थांबवण्याची हाक दिली आणि वर्षभरात ऑपरेशने एक तृतीयांशाहून अधिक घटली. जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयात तर आकिरा मियाउची यांनी १९९३ पासून एक सेंटिमीटरच्या आतल्या कॅन्सरच्या गाठीही नुसत्या लक्ष ठेवून सांभाळून दाखवल्या. कॅन्सरच्या छोट्या गाठीला थांबता येते, तर साध्या गाठीला घाई कशाची?

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गाठ लहान आणि निरुपद्रवी असली तरी गळा दिसतो. लग्न ठरायच्या मुलीला लोक तिच्या चेहऱ्याआधी गळ्याकडे पाहताना दिसतात, आणि ऑपरेशन केले तर गाठीच्या जागी व्रण येतो. तो व्रण तिला आयुष्यभर सांगत बसावा लागतो. हे दुःख वैद्यकाच्या कक्षेबाहेरचे आहे असे म्हणणारा डॉक्टर मला पटत नाही. दिसण्याचा त्रास हाही त्रासच आहे आणि युरोपियन थायरॉईड असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनीही तो उपचाराचे कारण म्हणून मान्य केला आहे. ऑपरेशनची किंमत तर केवळ व्रणापुरती नाही. अर्धी ग्रंथी काढली तरी साधारण पाचांतल्या एकीला पुढे रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. पूर्ण काढली तर सगळ्यांनाच. निष्णात हातांतही शंभरात एखादीचा आवाज कायमचा बिघडतो. बालवाडीच्या बाईंचा, बाजारात भाजी विकणारीचा, गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात पहिला आवाज लावणारीचा आवाज गेला तर काय जाते हे सांगायला हवे का? अमेलिटा गॅली-कर्ची या जगप्रसिद्ध ऑपेरा गायिकेचे १९३५ मध्ये शिकागोत गळ्याच्या गाठीचे ऑपरेशन झाले. त्यानंतर तिचे गाणे संपले अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ऑपरेशन हेच त्याचे कारण होते का, यावर पुढे अभ्यासकांनी शंका घेतली. पण वरच्या स्वरांसाठी स्वरतंतूंना ताण देणाऱ्या नसेला शल्यविशारद आजही तिच्या नावाने ओळखतात. ग्रंथी वाचवून गाठ तेवढी कमी करणारा उपचार म्हणूनच मोलाचा आहे. मी तो नाकारत नाही. तो कोणाला द्यायचा, याचा कस लागावा एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि ग्रंथी वाचवणारा उपचार म्हणजे फक्त ध्वनीचे यंत्र नव्हे. कोरियातल्याच सोलच्या आसान मेडिकल सेंटरमधले जुंग ह्वान बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ लहरींची सुई वापरून गाठ जाळण्याची पद्धत घडवली. जागा बधिर करून बारीक सुई सोनोग्राफीखाली गाठीत घालायची आणि टोक हलवत हलवत गाठ तुकड्यातुकड्याने जाळायची. वर्षभरात सत्तर ते नव्वद टक्क्यांपर्यंत घट मिळते आणि मोठ्या गाठींनाही ती चालते. कोरियातल्या अनेक केंद्रांच्या १,४५९ रुग्णांच्या पाहणीत गंभीर गुंतागुंत १.४ टक्के रुग्णांत आढळली. ब्रिटनच्या नाईस या संस्थेने या सुईला २०१६ मध्ये नेहमीच्या अटींवर वाट मोकळी केली. ध्वनीच्या उपचाराबद्दल २०१९ मध्ये त्याच संस्थेने पुरावा अपुरा असल्याचे सांगून तो विशेष देखरेख, संमती आणि नोंदीच्या अटींवरच करावा असे ठरवले. युरोपच्या सूचनाही लेझर आणि रेडिओ लहरींनाच अग्रक्रम देतात. सुई नाही हे ऐकायला फार मोठे वाटते, पण बधिर केलेल्या जागी टोचलेल्या एका सुईच्या बदल्यात मोठ्या गाठीवर अधिक खात्रीचा परिणाम मिळत असेल तर ती सुई स्वस्त आहे. शिवाय रेडिओ लहरींचा जनरेटर यकृताच्या गाठींसाठीही कामी येतो. ध्वनीच्या या यंत्राचे तसे नाही.

त्याहूनही साधी एक गोष्ट आहे. गाठीत पाणी भरलेले असेल तर ते सुईने काढून आत थोडे निर्जल अल्कोहोल सोडले की पोकळी चिकटते आणि गाठ बसते. अशा पाण्याच्या गाठींसाठी हाच पहिला उपाय असे युरोपच्या सूचना सांगतात. त्याला लागते ती सोनोग्राफी, एक सिरिंज आणि शिकलेला हात. जिल्हा रुग्णालयातही हे होऊ शकते. त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण त्यात विकण्यासारखे यंत्र नाही.

आता ज्या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त काळजी वाटते त्याकडे येतो. ऑपरेशनने काढलेली गाठ पॅथॉलॉजिस्टकडे जाते. तिथे तिचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली शेवटचा निवाडा होतो. जाळलेल्या गाठीचा असा निवाडा कधीच होत नाही. म्हणून जाळण्याआधीचे निदान पक्के हवे. सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीचा अहवाल बेथेस्डा पद्धतीने सहा वर्गांत दिला जातो. साधी गाठ हा दुसरा वर्ग, पण त्यातही थोड्या चुका शक्य असतात. फॉलिक्युलर जातीच्या गाठीत तर गाठ साधी की कॅन्सरची हे पेशींवरून ठरतच नाही. पेशी गाठीच्या वेष्टनाबाहेर गेल्या का, हे पाहायला अख्खी गाठ लागते. अशी गाठ साधी समजून जाळली तर कॅन्सर अर्धवट भाजून शरीरात ठेवल्यासारखे होईल. वर जळलेल्या जागी जो वण राहतो तो पुढच्या सोनोग्राफीत संशयास्पद दिसतो आणि नव्याने धांदल उडवतो. म्हणूनच जाळण्यापूर्वी, ठळकपणे निरुपद्रवी दिसणाऱ्या काही गाठी सोडल्या तर, दोन वेगळ्या वेळी केलेल्या सुईतपासण्यांत गाठ साधी निघायला हवी, हा दंडक जगभर सांगितला जातो. घाईत आधी गाळली जाते ती ही दुसरी तपासणी, कारण तिने उपचार लांबतो आणि रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात जाऊ शकतो. नागपुरात जाळण्याचे यंत्र येण्याआधी थायरॉईडच्या पेशी नीट वाचणारे डोळे पुरेसे आहेत का, हे विचारले पाहिजे.

महाराष्ट्राला सोनोग्राफीचा एक अनुभव आहे आणि तो विसरण्यासारखा नाही. पोटातल्या बाळाचे आरोग्य पाहण्यासाठी आलेले यंत्र मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठी वापरले गेले. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा याच राज्याने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ चा. तरीही सहा वर्षांखालच्या मुलींचे प्रमाण दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ होते ते २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आले. मी इथे दोन गोष्टींची बरोबरी करत नाही. तो गुन्हा होता. थायरॉईडची गाठ गरज नसताना जाळणे हा गुन्हा नाही, फार तर चुकलेला निर्णय आहे. पण त्या अनुभवातून एक गोष्ट उघड झाली. यंत्र आधी आणि नियम मागाहून असे झाले की नियम कधीच यंत्राला गाठत नाहीत. आज सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंद या राज्यात ठेवली जाते. नोंद ठेवण्याची सवय आणि यंत्रणा आपल्याकडे आहे. तिच्याच जोडीने गळ्यातल्या गाठी जाळण्याच्या प्रत्येक उपचाराची नोंद ठेवणे अवघड नाही.

न पोचणाऱ्या उपचाराबद्दलही बोलले पाहिजे. वेल्समधल्या ग्लिनकॉरोग या कोळसाखाणीच्या गावात आयुष्य काढलेले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण मांडले. चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज जास्त तिथे कमी मिळते आणि आरोग्यसेवा जितकी बाजाराच्या हाती तितके हे अधिक घडते. खाणकामगारांच्या त्या डॉक्टरचे म्हणणे वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय असलेल्या शहराला, उमरेड आणि चंद्रपूरच्या खाणींच्या प्रदेशाला परके वाटू नये. ध्वनीचे यंत्र महाग आहे, ते घेणारा त्याचा खर्च रुग्णाकडून काढणार आणि तो रुग्ण लहान गाठीचा, सधन, शहरी असणार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पैसे मिळतात ते ठरलेल्या यादीतल्या उपचारांना. यादीबाहेरची पद्धत कितीही योग्य असली तरी गरिबासाठी ती नसल्यासारखीच. त्यामुळे जिच्या गाठीला सुईने जाळणे पुरले असते तिचीही ग्रंथी काढली जाण्याचा धोका राहतो, कारण ऑपरेशनचा खर्च भागवायला वाट असते.

गाठींचे मूळ कुठे आहे, हाही विचार या सगळ्यात मागे पडतो. आधुनिक थायरॉईड शस्त्रक्रियेचा पाया घालणारे थिओडोर कोखर स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे. त्यांनी हजारो गलगंडांची ऑपरेशने केली, त्यातले मृत्यू जवळजवळ नाहीसे केले आणि १९०९ मध्ये नोबेल मिळवले. पूर्ण ग्रंथी काढलेले आपले रुग्ण पुढे मंद आणि सुजट होतात, हे त्यांनीच १८८३ मध्ये प्रामाणिकपणे जगापुढे मांडले. पण स्विस खोऱ्यांतला गलगंड त्यांच्या चाकूने गेला नाही. तो गेला १९२२ पासून मिठात मिसळू लागलेल्या चिमूटभर आयोडीनने. आपल्याकडे वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात हेच सिद्ध केले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावरची बंदी २००० मध्ये उठवली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा घातली गेली. आजही खेड्यात जाडे मीठ सुटे विकले जाते. घरापर्यंत पोचलेल्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असायला हवे. आश्रमशाळांच्या स्वयंपाकघरांत आणि आठवडी बाजारांत ते वेळोवेळी तपासायला फारसा खर्च येत नाही. सगळ्या गाठी आयोडीनअभावी होत नाहीत, हे खरे. पण ज्या होतात त्या तरुण पिढीत होऊ न देणे हे सगळ्या यंत्रांहून मोठे काम आहे.

नागपूरने काय करावे याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. १९४७ पासूनचे मेडिकल, १८६२ पासूनचे मेयो आणि मिहानमधले एम्स या तीन सरकारी ठिकाणी आठवड्यातून एकदा शल्यविशारद, रेडिऑलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि अंतःस्रावी ग्रंथींचा डॉक्टर एकत्र बसून थायरॉईडची गाठ पाहतील असा दिवस ठरावा. गडचिरोलीहून आलेल्या बाईला चार दारे चार दिवस हिंडावी लागू नयेत. पाण्याच्या गाठींसाठी अल्कोहोलचा उपाय लगेच सुरू व्हावा. त्यानंतर रेडिओ लहरींचा जनरेटर यावा आणि तो वापरण्याचे शिक्षण स्थानिक डॉक्टरांना मिळावे. ध्वनीचे यंत्र यायचेच असेल तर सरकारी रुग्णालयात, नोंदणीच्या अटीवर आणि ज्या थोड्या रुग्णांना ते खरोखर शोभते त्यांच्यासाठी यावे. गाठ लहान पण दिसणारी, कॅन्सर नसल्याची दोनदा खात्री झालेली आणि सुईची किंवा भूल देण्याची अडचण असलेली, अशा रुग्णांसाठी. प्रत्येक उपचाराआधी आणि नंतर दुर्बिणीतून स्वरयंत्र तपासले जावे. गाठीचे आकारमान मिलिलीटरमध्ये लिहिले जावे, सेंटिमीटरमध्ये नव्हे, म्हणजे फरक खरा कळेल. ही नोंद पाच वर्षे चालावी आणि तिच्यात खासगी दवाखान्यांनाही सामील करून घ्यावे. सुईने जाळण्याच्या पद्धतीला जन आरोग्य योजनेच्या यादीत जागा मिळावी, अशी मागणी विदर्भातल्या आमदारांनी लावून धरण्यासारखी आहे.

आणि ज्या बाईला काहीच करायचे नाही असे ठरेल, तिला तोंडी दिलासा देऊन परत पाठवू नये. गाठ किती मोठी आहे, ती साधी कशावरून ठरली, कोणती लक्षणे दिसली तर लगेच यायचे आणि पुढची सोनोग्राफी कधी, हे मराठीत एका कागदावर लिहून द्यावे. साध्या, संशय नसलेल्या गाठीला दर तीन महिन्यांनी तपासण्याची गरज नाही, वर्षा-दोन वर्षांनी पुरते. दर फेरीला मजुरी बुडवून गोंदियाहून येणाऱ्या बाईची ही बचत एखाद्या औषधाच्या किमतीएवढी नक्कीच असते.